विश्रांतीच्या तासाला ऑक्सिजन

मेट्रन : हसू नका, आक्का. विश्रांतीच्या तासाला ऑक्सिजनचा सिलिंडर कशाला लागतो, तेवढं सांगा.

आक्का : सांगते मॅडम. जरा दम खाऊ द्या, हसून हसून पोट दुखतंय.

मेट्रन : धोक्याची घंटा वाजली म्हणून मी वरून धावत आले. या गुडघ्यांनी. नर्सेसना मन हलकं करायला आठवड्यातून एक तास मिळावा, म्हणून साहेबांच्या किती नाकदुऱ्या काढल्या मी. आणि पहिल्याच दिवशी तुम्ही असले दिवे लावलेत. आता ते हा तास बंदच करतील. काय तोंडाने जाऊ त्यांच्यापुढे?

आक्का : चूक आमचीच आहे, पण ऐकून तर घ्या. त्या शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, चटईवर आडव्या व्हा, डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या.

मेट्रन : मग द्यायचं होतं लक्ष.

आक्का : दिलं की. पण स्वतःच्या श्वासाकडे बघायची सवय इथे आहे कुणाला? मी शेजारणीचा मोजत होते, ती पलीकडचीचा. एकीच्या घशात जरा घरघर झाली, तर तिघींनी डोळे उघडले.

मेट्रन : पुढे बोला.

आक्का : मग बाई म्हणाल्या, थांबा, मीच करून दाखवते. आणि अशा झोपल्या मॅडम, की विचारू नका. मान कललेली, तोंड अर्धवट उघडं, छाती हलतेय की नाही कळेना. आपल्या चिमणीनं एक डोळा किलकिला करून पाहिलं आणि ओरडली, "सिस्टर, पेशंट!"

मेट्रन : अगं बाई.

आक्का : झालं. चटया टाकून सगळ्या धावलो. दोघींनी पाय उचलले, एकीनं मनगट धरलं, मी हनुवटी वर केली, चिमणी घंटेवर. सिलिंडर कुणी आणला ते अजून कुणी कबूल करत नाहीये.

मेट्रन : हाक मारून बघायचं एकीलाही सुचलं नाही?

आक्का : मारली ना, कानाशी तोंड नेऊन. त्यांना वाटलं तास चाललाय. मास्कच्या आतूनच म्हणतात कशा, "आता सावकाश पायाची बोटं हलवा." आणि पाय तर आमच्या हातात.

मेट्रन : पुरे. मला हसवू नका, मला वर जाऊन गंभीर बोलायचंय.

(शिकवणाऱ्या बाई दारात येतात. केस विस्कटलेले, गालावर मास्कचा वळ.)

बाई : आत येऊ का?

मेट्रन : या, या. तुमची माफी कशी मागू तेच कळत नाहीये.

बाई : माफी कसली? इतकी वर्षं मी लोकांना सैल व्हायला सांगतेय. माझ्यासाठी एवढ्या जणी कधी धावल्या नव्हत्या. आणि नंतर जो हशा पिकला, तसा माझ्या कुठल्याच तासाला पिकला नाही. साहेबांना तसंच सांगून आले. पुढच्या आठवड्यात या म्हणाले.

आक्का : घ्या मॅडम. तुमचं भाषण वाया गेलं.

बाई : पण मी आले ते दुसऱ्याच कामाला. ती घंटा वाजवणारी मुलगी उठत नाहीये.

मेट्रन : म्हणजे?

बाई : झोपलीय. हसता हसता रडायला लागली, माझ्या मांडीवर डोकं टेकलं आणि तशीच झोपली. या वेळी मी श्वास नीट बघितला, घाबरू नका.

आक्का : झोपली? चिमणी? देव पावला म्हणायचा.

मेट्रन : का, काय झालं तिला?

आक्का : तिच्या वॉर्डातले आजोबा गेले ना, तेव्हा ही जेवायला गेली होती.

मेट्रन : ते तर जाणारच होते. घरच्यांनाही कल्पना दिली होती.

आक्का : डोक्याला कळतं हो, जिवाला पटत नाही. तेव्हापासून ड्युटीवर डबा उघडत नाही. घरी गेली तरी मला फोन, "आक्का, सगळे ठीक आहेत ना?" म्हणते, माझा डोळा लागला की कुणीतरी जाणार. आज सकाळी म्हणाली, नोकरीच सोडते. कितीदा समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

मेट्रन : आणि हे मला कुणी सांगितलं नाही.

आक्का : तुमची भीती वाटते, मॅडम. खरं तेच सांगते.

मेट्रन : खरं आहे. मी तरी कुठे विचारलं कधी.

बाई : तिची ड्युटी सुरू होतेय म्हणे. उठवू का?

मेट्रन : खबरदार कुणी हात लावाल तर. तिच्या वॉर्डात मी जाते.

आक्का : तुम्ही? खुर्चीत बसल्याला जमाना झाला तुम्हाला. शीर तरी सापडेल का?

मेट्रन : नाही सापडली तर तुम्हाला हाक मारीन. फक्त पेशंटसमोर हसायचं नाही.

आक्का : तेवढं सोडून काहीही सांगा.

मेट्रन : तिच्या अंगावर काहीतरी घाला, फरशी गार असते.

आक्का : घालते. पण जाग आली की पहिलं तेच विचारणार, सगळे ठीक आहेत ना. काय सांगू?

मेट्रन : सांगा, तू झोपली होतीस आणि सगळे जागच्या जागी आहेत. आणि म्हणावं, जेवून ये सावकाश. मी आहे.