एका सीटची फटफटी

आमची फटफटी लग्नापासूनची. मुलाचं सातपूरला गॅरेज आहे. तो म्हणाला, "आप्पा, हिची कस्टम बाईक करतो."

म्हटलं, "कर. पण इंजिनाला हात लावायचा नाही."

नाही लावला. टाकी काळी केली, हँडल खाली घेतलं, मागची सीट कापून टाकली. गल्लीतली पोरं फोटो काढायला लागली. मलाही गाडी आवडली, पण तसं बोललो नाही.

बायकोचं माहेर देवळ्याचं. आखाजीच्या सणाला आम्ही याच गाडीवर जातो. ती पिशवी घेऊन बाहेर आली. "मी कुठं बसू?"

"आई, अशा गाडीला एकच सीट असते."

"असं होय?"

तिनं पिशवी हँडलला अडकवली, साडी सावरून त्या सीटवर बसली आणि मला म्हणाली, "चला, मारा धक्का. देवळ्याला पोचेपर्यंत संध्याकाळ होईल."