ठकीचं जहाजाचं वय

(कपडे अल्टर करण्याचं छोटं दुकान, संध्याकाळ. टेलरबाई मशीनवर, शेजारी तिची आई, म्हणजे मुलांची आजी, शर्टाला बटणं लावतेय. समोर गिऱ्हाइकांच्या स्टुलावर लिफ्ट दुरुस्त करणारा, टेलरबाईचा आधीचा नवरा. मुलं मागच्या खोलीत खेळताहेत.)

लिफ्टवाला : मग कितव्या वर्षी? तूच सांग. पाचव्या?

टेलरबाई : पाच पूर्ण झाल्यावर.

लिफ्टवाला : मागच्या महिन्यात चार म्हणाली होतीस.

टेलरबाई : मागच्या महिन्यात मला जहाजाला इतके मजले असतात हे माहीत नव्हतं.

आजी : आणखी महिन्यानं म्हणेल, लग्न लावून देते, मग खुशाल जहाजावर पाठवू.

टेलरबाई : आई, तू बटणं लाव.

आजी : बटणं हातांनी लावतेय. तोंड रिकामंच आहे.

लिफ्टवाला : आई, तुम्हीच समजवा हिला. कंपनीनं बक्षीस म्हणून सहलीच्या जहाजावर खोली दिलीय, तिघांची. चार रात्री, की परत घरी. दादू सात वर्षांचा, ठकी साडेतीनची. जहाजावर लहान मुलांसाठी खेळायची खोली आहे, तिथं तीन वर्षांपासून घेतात. फक्त लंगोट नको, एवढीच अट.

टेलरबाई : तिथंच तर घोडं अडतंय. ठकी रात्री अंथरूण ओलं करते.

लिफ्टवाला : अजून?

टेलरबाई : अजून म्हणे! रोज नाही, एखाद्या वेळेस. तुला कुठून कळणार? रविवारी सकाळी येते तुझ्याकडे, संध्याकाळी परत. रात्र तुझ्या वाट्याला आलीच नाही कधी.

लिफ्टवाला : आली नाही, की दिली नाहीस?

टेलरबाई : मागितली होतीस?

लिफ्टवाला : दोनदा. एकदा तिला सर्दी होती. दुसऱ्यांदा तुझ्याकडे मोठी ऑर्डर होती, तर म्हणालीस, मुलं जवळ असली की माझा हात चालतो.

आजी : तेही खरंच आहे म्हणा. रविवारी ही एकच पँट तीनदा शिवते आणि तीनदा उसवते.

टेलरबाई : आई!

आजी : बरं, राहिलं.

टेलरबाई : आणि ते कठडे? गजांमधून तिचं डोकं गेलं तर?

लिफ्टवाला : अगं, माझं पोटच फटींवर चालतं. लिफ्टच्या दारात कुणाचं बोट अडकेल, कुणाची चप्पल, हेच बघत असतो दिवसभर. मी फोन करून विचारलं आधीच. गज नाहीतच. खालपासून जाड काच आहे, माझ्या छातीपर्यंत.

टेलरबाई : मी माप घेऊन ठेवलं होतं तिच्या डोक्याचं.

आजी : तेही झोपेत! टेप लावला तशी पोर जागी झाली. म्हणते, आई, टोपी शिवतेस?

लिफ्टवाला : मग? काय सांगितलंस?

टेलरबाई : काय सांगणार? शिवली टोपी.

आजी : माझं ऐका. दादूला न्या. सात हे उत्तम वय. भूक लागली सांगतो, दुखलं सांगतो, हरवला तर बापाचं नाव खणखणीत सांगतो. ठकी पुढच्या खेपेला.

टेलरबाई : मी तरी दुसरं काय म्हणतेय? ठकीला यातलं काही आठवणारसुद्धा नाही. चार दिवस जिवाचा आटापिटा करायचा, आणि मोठी झाल्यावर विचारणार, कुठलं जहाज?

लिफ्टवाला : नाहीच आठवणार. मी इथून गेलो तेव्हा ती नुकती पाऊल टाकायला लागली होती. मी या घरात राहायचो, हेही तिला आठवत नाही. परवा बागेत विचारत होती, बाबा, तू पहिल्यापासून रविवारीच असायचास का?

आजी : अगंबाई.

लिफ्टवाला : दादूचं वेगळं आहे. मी त्याला अंघोळ घालायचो, शाळेत सोडायचो, त्याच्याकडे साठा आहे माझा. ठकीच्या लेखी बाबा म्हणजे बाग, झोपाळा, की चला परत. केस विस्कटलेला, जांभया देणारा बाप तिनं बघितलेलाच नाही. मला तिला समुद्र दाखवायचाय, नाही कशाला म्हणू? पण त्याहून मला तिच्याबरोबर सकाळी उठायचंय. पाचव्या वर्षापर्यंत थांबलो, तर मी कायमचा पाहुणा होईन गं तिच्यासाठी.

टेलरबाई : कळतंय मला.

लिफ्टवाला : मग?

टेलरबाई : ती झोपणार कशी पण? मशीनच्या आवाजाशिवाय तिचा डोळा लागत नाही. तान्ही होती तेव्हापासून मी इथं काम करतेय आणि ती माझ्या पायाशी. लाइट गेली तर मी हातानं चाक फिरवत बसते. त्या जहाजावर चार रात्री टक्क जागी राहील पोर.

लिफ्टवाला : झोपेल.

टेलरबाई : उचलली जीभ लावली टाळ्याला. झोपेल म्हणे.

लिफ्टवाला : माझ्याकडे झोपते.

टेलरबाई : काय?

लिफ्टवाला : रविवारी दुपारी. जेवण झालं की माझ्या पोटावर आडवी होते. मीच हलायला घाबरतो, इतकी गाढ झोपते.

टेलरबाई : मी दर रविवारी दारात विचारते तुला, झोपली का म्हणून.

लिफ्टवाला : आणि मी सांगतो, नाही, खेळत होती.

टेलरबाई : का पण?

लिफ्टवाला : पहिल्यांदा झोपली ना, तेव्हा तेच सांगायला आलो होतो, इतका आनंद झाला होता. तू दारातच म्हणालीस, माझ्याशिवाय नाहीच ना झोपत ती? तुझा चेहरा बघितला आणि म्हणून गेलो, नाही झोपत. मग दर रविवारी तेच चालू ठेवावं लागलं.

टेलरबाई : आणि मी खुळ्यासारखी रविवारी लवकर अंथरूण घालायचे! दिवसभर खेळून दमली असेल म्हणून. ती डोळे उघडे ठेवून पडलेली आणि मी मशीन मारतेय, मारतेय. मला वाटायचं, पोरीला काही दुखतंय, सांगता येत नाहीये.

आजी : कापड संपलं तरी रिकामी मशीन चालवायची ही.

टेलरबाई : तुला माहीत होतं?

आजी : दादूनं सांगितलं होतं.

टेलरबाई : म्हणजे अख्ख्या घराला माहीत. एक मीच तेवढी वेडी.

लिफ्टवाला : चुकलं माझं. तुला वाईट वाटू नये म्हणून केलं.

टेलरबाई : खोटं सांगून सांभाळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे?

आजी : ठकी केव्हाची तयार आहे, बाळा. आम्ही थांबलोय ते तुझ्यासाठी.

टेलरबाई : मग थांबूच नका. मी नाही तयार होणार. ती पाच वर्षांची झाली तरी नाही, दहाची झाली तरी नाही. ती दोघं गेली की ही खोली खायला उठते मला. कठड्याबिठड्याची भीती नाही रे मला. तिला माझ्यावाचून करमलं तर, याची आहे.

लिफ्टवाला : राहू दे. खोली परत करतो. पुढच्या वर्षी बघू.

टेलरबाई : माणसाचं बोलणं पुरतं ऐकून घ्यायची सवय तुला आधीपासून नाही. रबरी चादर देते, ती गादीवर पसर. ओलं केलं तर रागावू नकोस, आणि विचारूही नकोस. ती स्वतःच चादर ओढून झाकते, तिला लाज वाटते. केस टोकाकडून विंचर, वरून ओढलेस तर किंचाळेल. आणि दादू मोठा म्हणून सारखं त्याला, बहिणीकडे बघ, बहिणीकडे बघ, करू नकोस. तोही सातच वर्षांचा आहे.

लिफ्टवाला : नेऊ? दोघांना?

टेलरबाई : ने.

आजी : आणि तू काळजी करू नकोस गं. पोरांच्या आवाजाशिवाय तुलाही झोप येणार नाही, तर मी घोरेन जोरात.

टेलरबाई : ते तू रोजच करतेस.

लिफ्टवाला : मधे समुद्रात फोन लागत नाही म्हणे. पण आल्या आल्या सगळं सांगेन. काय खाल्लं, कशी झोपली, कधी रडली. आता काही हातचं राखणार नाही. जे झालं असेल ते जसंच्या तसं.

टेलरबाई : सांग. सगळं सांग. फक्त ती एकदाही रडली नाही, असं झालं ना, तर तेवढं नको सांगूस.