डावीकडे माहेर

आमच्या ह्यांनी पन्नाशीत विमान चालवायचं लायसन्स काढलं, ते तुम्हाला माहीतच आहे. परवा मला शेजारी बसवून नाशिकवर चक्कर मारली. वरून माझं माहेर दाखवायचं होतं. मी म्हटलं, "डावीकडे घ्या, आमचं गाव तिकडंय." त्यांनी घेतलं.

लगेच रेडिओवर आवाज आला, "तुम्ही लष्कराच्या गोळीबाराच्या हद्दीत शिरलात. ताबडतोब मागे फिरा."

हे कसेबसे वळले.

उतरल्यावर विमानतळावरच्या साहेबांनी ह्यांचं लायसन्स मागून घेतलं. "तिकडे का गेलात?"

"ही म्हणाली, डावीकडे घ्या."

मी म्हटलं, "साहेब, पंचवीस वर्षांत ह्यांनी माझं ऐकलं, ते आज पहिल्यांदा."

साहेबांनी हसू दाबत लेखी ताकीद दिली, लायसन्स परत केलं आणि ह्यांना म्हणाले, "घरी बाईंचं ऐकत जा. विमानात नकाशाचं."