हिरवी बाजू बाहेर

— नाही, नाही, उठत नाही मी, इथेच काढ फोटो. उभी राहिले की कुंपणाचा खांब दिसते, शेजारचा ऑर्विलच म्हणायचा. कोट काढू नकोस, घर जरा गार आहे — भट्टी तळघरात, लाकडं घालायला खाली जायचं म्हणजे — जाऊ दे. कॉफी तूच ओतून घे. कालची आहे, परवाचीही असेल, पण कॉफीला काय धाड भरलीय? डब्यातली बिस्किटं घे. अगं घे! एकदा नको म्हणालीस, दोनदा नको म्हणालीस, झालं ना? तिसऱ्यांदा विचारलं की घ्यायचं असतं. इथली रीतच आहे ती — पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा हावरट, आणि दुसऱ्याला थांबणारा यजमान कंजूष. काउंटीच्या कचेरीत नोकरी करतेस आणि एवढं तुला कुणी सांगितलं नाही? ॲरिझोनाची ना तू? मग बरोबर. तिकडे लोक सरळ हो म्हणत असतील.

तर हा बक्षिसाचा फलक. मांडीवर धरू? — अगंबाई, जड आहे. देशभरातल्या काउंट्यांमधून आपली योजना निवडली म्हणे. 'नावीन्यपूर्ण.' पुठ्ठ्याचं एक कार्ड, एक बाजू हिरवी, एक लाल, आणि एक दोरा! एवढ्यासाठी लोक विमानानं जाऊन बक्षीस घेऊन आले. नाही, हसत नाही मी, कल्पना चांगलीच आहे. एकट्यादुकट्या म्हाताऱ्यानं सकाळी उठल्यावर खिडकीत हिरवी बाजू बाहेर करायची, झोपताना लाल. बर्फ काढणारी गाडी सकाळी जातेच रस्त्यानं, तिचा ड्रायव्हर बघतो — हिरवं दिसलं की एकदा भोंगा वाजवतो आणि पुढे. लाल दिसलं तर म्हातारं उठलेलं नाही, दार ठोठावायचं. वेगळा माणूस नको, खर्च नको.

ऑर्विल हाउगेन माहीत नसेल तुला. ते समोरचं घर, शेतापलीकडचं — आता पडदे नाहीत ते. बायको गेल्यापासून एकटाच. तर गेल्या हिवाळ्यात तो एकदा उशिरा उठला. माणूस आहे, झोप लागली. कार्ड लालच. झालं! ड्रायव्हरनं कळवलं, शेरीफचा पोलीस गाडीचे दिवे फिरवत दारात, मागून चर्चच्या तीन बायका, प्रत्येकीच्या हातात हॉटडिशचं, म्हणजे त्या मटण-बटाट्याच्या भाजलेल्या जेवणाचं, तापलं भांडं, आणि हा आपला लोकरी चड्डीत उभा. रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी पिताना मला म्हणाला, "आर्डिस, मेलो असतो तर बरं झालं असतं, एवढी शोभा तरी झाली नसती." त्या दिवसापासून त्यानं कार्ड लाल केलंच नाही. रात्रंदिवस हिरवं. आणि त्याचं बघून — तू हे लिहू नकोस हं — बाकीच्यांनीही तेच केलं. मीही. कशाला कुणाला त्रास? झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग काय? मग तो मेला. स्वयंपाकघरात, टेबलापाशी, खिडकीत हिरवं कार्ड. गाडी रोज भोंगा वाजवून जायची. मी इथून बघायची, दिवाही चालू, हिरवंही आहे — म्हटलं, चाललंय बरं. कॉफी करायची त्याची पाळी होती चर्चमध्ये, ती चुकली तेव्हा पाद्री गेला बघायला. ऑर्विलनं पाळी कधी चुकवली नव्हती जन्मात.

आणि बक्षिसाच्या अर्जात तुमच्या साहेबांनी लिहिलं, अख्ख्या हिवाळ्यात एकच खिडकी लाल दिसली, तीही चुकून. खोटं नाही, खरंच आहे ते! त्याच्यावरच तर बक्षीस मिळालं.

फोटोत खिडकी येतेय ना? कार्ड दिसतंय? दिसू दे. मंगळवारपासून तर लाल करायचं म्हटलं तरी होत नाही. — हात पुरत नाही, म्हणून. तळघराची पायरी जरा चुकली मंगळवारी, बाकी काही नाही. वर आले ना मी? सरपटत का होईना, आले. खुर्चीत झोप चांगली लागते, पाठीला बरं असतं. फोन? फोन तिकडे भिंतीवर, माझा काय पोरींसारखा खिशात नसतो. — नको, कुणाला बोलवू नकोस. शेरीफ येणार, भांडी येणार, मग फिनिक्सहून माझा मुलगा येणार, आणि तो आला की शेत विकून मला त्या वृद्धाश्रमात टाकणार, जिथे जेवायला हाताला चमचा बांधून देतात. नको म्हटलं ना.

— अगं, नको. खरंच नको. जरासं ठणकतंय, एवढंच. वाईट नाही.

...

काय? हो, हो, तुला पुढे दोन घरं करायची आहेत. अंधार लवकर पडतो, रस्ता निसरडा आहे. फलक घेऊन जा, इथे ठेवू नकोस, त्याच्यावर पुसायला धूळ नको मला. बिस्किटं दोन तरी बांधून घे. हं, शहाणी. स्वभावानं चांगली आहेस तू, नको म्हटलं की ऐकतेस. — नाही, काही नाही, मी आपली उगाच बोलले. जा. दार नीट ओढून घे, वारा आत येतो.

...

पोरी?

गाडी चालू केली वाटतं.

दोनदाच विचारलं हिनं.

— हां, आली बर्फगाडी. आज उशीर केला. वाजव, बाबा, वाजव भोंगा. दिसतंय ना हिरवं?