लाखाच्या आत हात नाही

“हॅलो? … हो वहिनी, बोल. … नाही, जेवले नाही अजून. … अगं ऐक ना, पडद्यांचं राहू दे आत्ता. निळे घे, हिरवे घे, काय हवं ते घे. आधी सांग, दादा कुठे आहे? … अंघोळीला? बरं झालं. मग खाली बस आणि ऐक.”

तिने कोपराने ऑफिसचं काचेचं दार लोटलं. दोन्ही हात मनगटापर्यंत काळे होते, म्हणून फोन कान आणि खांद्यात दाबून धरलेला. काचेपलीकडे तिच्या ब्रेक वर्कशॉपमध्ये तीन नंबरच्या लिफ्टवर एक पांढरी थोराड डिझेल पिकअप चारही चाकं काढून टांगलेली होती. तिचा ट्रेलर बाहेर फाटकाशी उभा होता, वर दगडी फरशांची चळत.

“खडीवाला आलाय. … खडीवाला गं! दादाचा जुना मालक! … इथे, माझ्याकडे. बाकावर बसून चहा पितोय. … छे, कुठला ओळखतोय! तेव्हा मी विशीतली पोर होते, चौकशीच्या खोलीत दादाच्या मागे उभी. आता केस कापलेत, चष्मा लागलाय, आणि वजनाचं तर तू बोलूच नकोस. … हसू नको वहिनी.”

नऊ वर्षं तिने हा माणूस मनात शेकडो वेळा समोर उभा केला होता, आणि प्रत्येक वेळी त्याला काहीतरी वेगळं सुनावलं होतं. आज तो आपल्या पायांनी चालत आला आणि म्हणाला, “मॅडम, मागून जरा आवाज येतोय, बघा.” तर हिच्या तोंडून फक्त “चावी द्या” एवढंच निघालं.

“हो… हो, तेच सांगतेय. मागचे पॅड संपलेत. संपलेत म्हणजे नुसतं लोखंड लोखंडावर घासतंय. डिस्कवर बोट घुसेल एवढा चर पडलाय. पुढचे पोस्टकार्डाएवढे पातळ उरलेत. … आता कसं सांगू तुला? नवा पॅड बोटाएवढा जाड असतो ना, तो झिजत झिजत जातो. रिकामी गाडी, सपाट रस्ता, तर सत्तर-ऐंशी हजार किलोमीटर आरामात जाते. पण मागे ट्रेलर, ट्रेलरवर दगड, आणि रोज तो डोंगराचा उतार? तीस हजार झाले तरी हात जोडावेत. आणि या गाडीचे चौऱ्याण्णव हजार झालेत, वहिनी. चौऱ्याण्णव! पॅड कंपनीतून आलेलेच.”

पलीकडे वहिनी काहीतरी बोलत राहिली. ही ऐकत होती, पण नजर बाकावरच्या त्या टकलावर.

“… हो. अगदी तसेच. दादाच्या गाडीचे होते तसेच.”

दादाने तेव्हा मालकापुढे दाताच्या कण्या केल्या होत्या. ब्रेक वाजतायत, ब्रेक वाजतायत. मग एका सकाळी उतारावर पाय पार तळाला गेला आणि गाडी काही थांबेना. खाली बाजार भरलेला. दादाने गाडी डोंगराच्या कुशीला घासत नेली आणि भिंतीवर घातली. बाजार वाचला, डावा गुडघा गेला. आणि चौकशीत मालक म्हणाला, ब्रेक दोनच महिन्यांपूर्वी नवे घातलेत, याने उतारभर पाय ठेवून जाळले. सगळं खापर ड्रायव्हरवर. परवाना गेला, आणि गावात नाव पडलं ‘ब्रेकजाळ्या’. तेव्हापासून दादा एका गोदामाच्या फाटकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहितो. आणि ही हट्टाने ब्रेकचंच काम शिकली.

“खरं सांगू? वाईट वाटून घेऊ नकोस. … मनात आलं, चाकं परत लावावीत, नट आवळावेत आणि हसून म्हणावं, काही नाही साहेब, धूळ होती. जा त्याच उताराने. … अगं ओरडू नको! नाही केलं. करणार पण नाही. … कारण ब्रेकवर पाय त्याचा नसतो ना! ड्रायव्हर आहे बिचारा, पन्नाशीचा, बाहेर ट्रेलरच्या सावलीत भाकरी खातोय. मरायचं याने आणि पुन्हा खोटं बोलायचं त्याने? … नाही. मला तो जिवंत हवाय. चारचौघांत हवाय. … हो, तसाच फोन धरून ठेव. ठेवू नकोस हं! आणि दादा आला की त्याच्या कानाला लाव. काही समजावू नको, नुसता लाव.”

ती फोन हातात घेऊन बाहेर आली. बाकावर तिघं होते. खडीवाला, एक रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर, आणि शाळेच्या बसचा मालक. हा बसवाला सगळ्या गावाचा काका. नऊ वर्षांपूर्वी दादा लंगडत काम मागायला गेला तेव्हा याच काकांनी दार लावलं होतं.

“साहेब,” ती गोड आवाजात म्हणाली, “कार्डावर लिहायचंय. ब्रेक याआधी कधी बदलले होते?”

“बदलायचे कशाला?” खडीवाला मोठ्याने हसला. बाजूला ऐकायला माणसं होती, त्याला चेव आला. “तुम्ही लोक तीस हजारांत घाबरवता. मी वीस वर्षं गाड्या चालवतोय. माझा नियम आहे, लाखाच्या आत हात नाही!”

“एकाही गाडीला नाही?”

“एकाही नाही.”

“ती नऊ वर्षांपूर्वी भिंतीवर गेलेली, तिला पण नाही?”

हसू तोंडावरच अडकलं. चहाचा पेला अर्ध्यावर थांबला. बसवाल्या काकांनी मान वळवून आधी त्याच्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे. आणि ही कोणाची बहीण, ते त्यांना आत्ता उमगलं.

“हॅलो वहिनी… कोण, दादा? … ऐकलंस ना? … सगळं? … आता तो? तोंडात मारल्यासारखा बसलाय. … अरे, बसवाले काका पण आहेत इथे. त्यांनीही ऐकलं. … थांब, काका फोन मागतायत. … नाही काका, तुम्ही नंतर. नऊ वर्षं थांबलात, अजून दहा मिनिटं थांबा.”

खडीवाला उठला. त्याचा चेहरा लाल झाला होता. चाकं लावा, गाडी आत्ताच्या आत्ता खाली घ्या, फरशी दोनपर्यंत पोचायला हवी, ब्रेकचं मी माझं बघेन, असं सगळं तो एका दमात ओरडला. ड्रायव्हर आवाज ऐकून हात पुसत आत आला.

“दादा, आहे तशीच न्यायची म्हणतोय गाडी. … हो, त्याच उताराने. … कोण? ड्रायव्हर? इथेच उभा आहे. … त्याला देऊ? … देते.”

तिने फोन ड्रायव्हरपुढे धरला. त्याने बिचकत कानाला लावला.

“हां… बोला,” तो म्हणाला. “… हो, येतो आवाज. … चार महिने झाले. … सांगितलं ना. दोनदा सांगितलं. म्हणाले, तुझा पायच जड आहे.” मग तो नुसता ऐकत राहिला, डोळे टांगलेल्या गाडीच्या चाकांच्या रिकाम्या जागांवर. “… दोन मुली आहेत. … बरं. … बरं, दादा.”

त्याने फोन तिच्या हातात दिला. खिशातून ट्रेलरच्या कुलपाची किल्ली काढली आणि मालकाच्या चहाच्या पेल्याशेजारी ठेवली.

“न्या तुम्हीच,” तो म्हणाला. “माझा पाय जड आहे.”

आणि तो फाटकातून बाहेर पडला. घाईत नाही, जेवून उठलेला माणूस चालतो तसा. खडीवाल्याने त्याला हाक मारली, मग शिवी दिली, मग पुन्हा हाक मारली. वीस वर्षं गाड्या चालवतो म्हणणाऱ्याला ट्रेलर लावलेली गाडी साधी मागे घेता येत नव्हती, हे रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरच्या दाबलेल्या हसण्यावरून सगळ्यांना कळलं.

“हॅलो? दादा, गेला तो. किल्ली टाकून गेला! … काय सांगितलंस रे त्याला? … फक्त तुझ्या गुडघ्याचं? एवढंच? … एवढंच पुरलं? … अरे, बोल ना. … रडतोयस? … नाही, मी कुठे रडतेय, डोळ्यात ग्रीस गेलंय. … हो रे बाबा, नीट बसवीन. पॅड, डिस्क, सगळं नवं. तू शिकवू नकोस मला. … आज? आज कशी होईल? त्याच्या आधी अकरा गाड्या आहेत. शुक्रवारी बघू. … हो, चाकं काढलेलीच राहतील. … काकांना देऊ का फोन? … नको? बरं. नको तर नको. त्यांना सांगते, घरी या, दादा रोज लंगडत चढतो तो जिना चढून या. … वहिनीला म्हणावं, निळे घे. … चल, ठेवते आता. गिऱ्हाईक उभं आहे.”

तिने फोन बंद केला, चिंधीने हात पुसले, कोरं कार्ड पुढे ओढलं आणि खडीवाल्याकडे पाहून पेनचं टोपण काढलं.

“हं, बोला. आडनावासकट पूर्ण नाव सांगा. आणि ते लाखाचं काय म्हणालात, तेही पुन्हा सांगा. सावकाश. लिहून घेते.”