पंचमाची भुणभुण

मांडवी बंदरावर आगबोटीची वाट पाहत माझ्या पुढ्यात दोघे गृहस्थ बसले होते; एकाची बायको जरा पलीकडे सामानापाशी.

"आप्पा, बाजाची पेटी दुरुस्तीला मुंबईस नेणार होतात ना?"

"ती घरीच. पंचम लावला की भुणभुण उठायची हो! दोनदा उघडली, सूर घासले, भाता बदलला. भुणभुण तशीच!"

"मग?"

"ही चुलीपुढून उठून आली. म्हणाली, पंचम धरून ठेवा. डोळे मिटून ऐकलंन, नि सरळ जाऊन खुंटीवरच्या आमच्याच झांजांवर हात ठेवलान. भुणभुण बंद!"

"काय कान म्हणायचा वहिनींचा!"

"तर! आम्ही सात भजनी नुसते बघत राहिलो."

"मग आता मुंबईस कशाला?"

"हिला घेऊन चाललोय, गाणं ऐकवायला. वीस वर्षं बिचारी आमचंच ऐकतेय."