लायब्ररी लावली

...आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? बायकोनं विचारलं, "सकाळपासून त्या डब्यासमोर काय करताय?" मी म्हटलं, "लायब्ररी लावतोय." बस, एवढंच म्हटलं मी. तर ही हळूच म्हणते, "आता? आता लावताय?"

तुमच्या लक्षात आलं का? माझ्याही नाही आलं. अहो, हिचं माहेर जळगावचं. लग्न होऊन देवासला आली, तेव्हा पहिल्याच महिन्यात म्हणाली होती, "मला एक लायब्ररी लावून द्या." म्हणजे वर्गणी भरून पुस्तकं आणायची. आणि मी हो हो म्हणत चौतीस वर्षं काढली. आता हिच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आलाय, कडेचं दिसतं, समोरचं अक्षर दिसत नाही, इंदोरचे डॉक्टर म्हणाले हे असंच राहणार... आणि नवरा म्हणतोय लायब्ररी लावतोय! रागावली असती तर परवडलं असतं हो. ते हळूच विचारणं लागलं मला.

मी म्हटलं, "अगं, ती लायब्ररी नाही. कॉम्प्युटरमध्ये पण एक लायब्ररी असते. तिच्यात पुस्तकं नसतात." तर म्हणते, "मग काय असतं?" आली का पंचाईत? मला तरी कुठे ठाऊक होतं, मोनानं सांगितलं म्हणून. मोना म्हणजे समोरच्या नारायणरावांची सून, इंदोरला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, रोज बसनं जाऊन-येऊन करते. ती म्हणाली, "काका, लायब्ररी मतलब दुसऱ्यांनी करून ठेवलेलं काम. कोणीपण घ्या, फुकट, आपल्या मशीनमध्ये जोडून टाका." कुठले कुठले लोक, ना ओळख ना पाळख, आपल्यासाठी काम करून ठेवतात! तर ही लायब्ररी लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवते. मराठीत.

तुम्ही म्हणाल, का हो शरदराव, तुम्हाला वाचता येत नाही? येतं की. पण ऐका तर. हिची धाकटी बहीण विनीता, जळगावलाच असते. आठवीत असताना तापात तिचे कान गेले, काही म्हणजे काही ऐकू येत नाही, मग फोन काय कामाचा? तर या दोघी मेलवर बोलतात. रोज. ही तहसीलीत टायपिस्ट होती, न बघता आजही फटाफट लिहिते, अडतं ते आलेलं वाचायला. म्हणून मी वाचायला लागलो. आणि तुम्हाला सांगतो, पूर्वी ही मेल वाचताना एकटीच खुदुखुदु हसायची. मी वाचायला लागलो तशी विनीताची मेल कशी झाली? "सर्व कुशल. हवा बरी आहे. भाऊजींना नमस्कार." तिला कळलं ना, वाचणारा मी आहे! एकदा तर लिहिलं, "ताई, एक गंमत सांगायची होती, पण राहू दे." हिनं ऐकलं, आणि उठून पोळ्या करायला गेली. तेव्हा मला वाटलं, या दोघींच्या मध्ये मीच येऊन बसलोय.

म्हणून ही लायब्ररी. माझ्या जुन्या मशीनवर जो आवाज होता तो हिंदीवाला. "कसं काय" ला "कसन् काय" म्हणतो, आणि "जेवलीस का" असं विचारतो की वाटावं कोर्टाची नोटीस आली. मराठीवाला पाहिजे तर तो आपल्याच मशीनवर घडवायला लागतो. म्हटलं, घडवू, तीस वर्षं कारखान्यात गिअर बसवलेत, यात काय मोठं? तर ही लायब्ररी बसवायला आधी दुसरी लायब्ररी पाहिजे, दुसरीला तिसरी, तिसरीला अजून कुणी... हळदीकुंकवाचं बोलावणं जसं, एकीला बोलावलं की तिच्या जावेला बोलवा, जावेला बोलावलं की तिच्या सासूला! तीन दिवस मी नुसती बोलावणी करत होतो. आल्या सगळ्या. चौथ्या दिवशी शेवटचा हुकूम दिला, पडद्यावर अक्षरं सर्रर्र पळाली, आणि थांबली. काय लिहिलंय? "आमची सापडत नाही."

आमची? आमची कोण? पुन्हा पहिल्यापासून केलं. "आमची सापडत नाही." सगळं पुसलं, नवं उतरवून घेतलं, हात जोडले. "आमची सापडत नाही." ही आतून विचारते, "काय झालं हो?" काय सांगू? तू आत मेथी निवडत बसलीयेस आणि हा म्हणतो सापडत नाही?

शेवटी रविवारी मोना आली. पाहते तर हसायलाच लागली. "काका, ये फोल्डरचं नाव काय ठेवून दिलं तुम्ही?" आता... शशिकला नाव आहे हिचं, पण मी ते कधी घेत नाही, आमच्याकडे पद्धतच नाही. चारचौघांत मी 'आमची ही' म्हणतो. तर काम हिचं, म्हणून फोल्डरचं नाव 'आमची ही'. मोना म्हणते, "दोन शब्दांच्या मधे जागा सोडली नं तुम्ही, वोई गडबड आहे. मशीन जागेपाशी तोडून देते. मग 'आमची' वेगळी शोधते, 'ही' वेगळी. मधे जागा नका सोडत जाऊ, काका."

मधे जागा नका सोडत जाऊ. चौतीस वर्षं झाली संसाराला, मला कुणी हे सांगितलं नव्हतं हो. पुसली ती जागा, दोन्ही जोडून लिहिलं, आणि पाच मिनिटांत लायब्ररी लागली!

हेडफोन हिच्या कानावर ठेवला, कुठली कळ दाबायची ते बोटाला दाखवलं. हिनं विनीताला लिहिलं, आता हे वाचत नाहीत, मी स्वतः ऐकते. दुसऱ्या दिवशी मेल आली, ही एवढी लांब. ही ऐकत बसली. आधी चेहऱ्यावर काहीच नाही. मग ओठ हलले, मग खांदे, मग खुर्ची हलायला लागली हसून हसून. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. विचारलं, "आवाज कसा आहे?" तर म्हणते, "पिंपात बसून बोलल्यासारखा. पण चालेल." म्हटलं, "काय लिहितेय विनीता?" तर म्हणते, "तुम्हाला काय करायचंय?"

हेडफोनमधून थोडं बाहेर ऐकू येतं बरं का. त्या पिंपातल्या आवाजात तीनदा 'भाऊजी' ऐकलं मी, आणि तिन्ही वेळा ही जास्त हसली! म्हणजे बघा, आठवडाभर खपून, स्वतःच्या हातानं, माझीच चुगली ऐकायची सोय करून दिली मी. आणि काल वर मलाच सांगते, "अहो, आवाज जरा वाढवून द्या... आणि जाताना दार ओढून घ्या." घेतलं ओढून. करतो काय.